मालनच्या कुरडया आणि कोपरीचा वारा

एप्रिल नुकता लागलेला. ठाकुर्लीत उजाडतानाच हवा इतकी कोरडी होती की ओठावरून जीभ फिरवावी तर ओठ ओला व्हायच्या ऐवजी जीभच वाळावी. वारा पूर्वेचा होता. जुन्नरकडून घाट उतरून, मुरबाडच्या माळावर लोळून, कल्याणचे पत्रे तापवत तो येत होता आणि वाटेत सापडेल ते पाणी पिऊन टाकत होता. सोसायटीतली माणसं त्याला शिव्या घालायची. कुणाचं नाक फुटायचं, कुणाच्या टाचा फाटायच्या, कुणाचं डोकं धरायचं. पाचव्या मजल्यावरची मालन मात्र गच्चीवर आली की तोंड पूर्वेला करायची, डोळे मिटायची आणि "आला बाई," म्हणायची. जसा काही भाऊच दिवाळीला न्यायला आलाय. तिचं माहेर ओतूर. वारा घाटावरून येतो म्हटल्यावर तो माहेरचाच झाला, त्यात वाद नाही.

त्या सकाळी मात्र भावाची विचारपूस करायला तिला सवड नव्हती. कमरेला पदर खोचून ती सोऱ्याला तेल लावत बसली होती, आणि तिचा नवरा धोंडीबा शिजलेल्या चिकाचं पातेलं दोन फडक्यांत धरून जिना चढून वर येत होता. लिफ्ट गच्चीपर्यंत जात नव्हती.

"ठेवताना आपटू नका."

"आपटलं नाही. ठेवलं."

"तळमजल्यापर्यंत गेला तुमच्या ठेवण्याचा आवाज."

धोंडीबानं फडकी खांद्यावर टाकली. डोंबिवलीच्या एका कारखान्यात त्यानं जन्म काढला होता. तिथं सुपरवायझरचं ऐकायचं, इथं मालनचं. सुपरवायझरला निदान जेवणाची सुट्टी असायची.

मालननं पहिली कुरडई घातली. प्लास्टिकच्या कागदावर सोऱ्यातून पांढऱ्या, वाफाळत्या शेवया गोल फिरत उतरल्या आणि सोऱ्या झटक्यात उचलला गेला. वेटोळं असं बसलं की सुरुवात कुठली आणि शेवट कुठला, शोधूनही सापडू नये. मग दुसरी, तिसरी. कागद भरला की पुढचा कागद. या कामात मालन कुणाशी बोलत नसे, आणि बोलली तर ते बोलणं ऐकण्यासारखं नसे.

यंदाच्या कुरडया साध्या नव्हत्या. तिच्या भावाची मुलगी मेघना, तिचं लग्न वैशाखात ओतूरला. रुखवतात आत्याच्या कुरडया मांडायच्या हे मेघना रांगत होती तेव्हाच ठरलेलं. आणि रुखवतापाशी उभी राहणार होती मालनची थोरली वहिनी, कांता. कांतावहिनी कुरडई डोळ्यांनी बघत नाही. ती एक उचलते, अंगठा आणि दोन बोटांत धरते आणि सगळ्या बायकांच्या देखत दाबते. कट्‌ करून मोडली तर ठीक. वाकली, तर संपलं. मग त्या घरात नातवंडांच्या मुंजीपर्यंत त्या वाकलेल्या कुरडईचा विषय निघत राहतो. वहिनीच्या धाकट्या बहिणीची एक कुरडई अशीच वाकली होती. ती बाई आता ओतूरला येतच नाही, परस्पर नारायणगावला उतरते.

तर मालनचं सगळं त्या अंगठ्याखाली होतं.

आता कुरडईचं असं असतं, की पहिल्या दिवसाचं ऊन तिचा स्वभाव ठरवतं. सकाळी घातली की दुपार कलेपर्यंत तिला कोरडा वारा मिळाला पाहिजे. मग ती कागदावरून अलगद सोडवायची, उलटी करायची आणि जुन्या साडीवर घालून पाण्याच्या टाकीशेजारच्या पत्र्याच्या खोलीत ठेवायची. ती खोली दुपारी भट्टीसारखी तापते. तिथं दार लावून ठेवली की कुरडई कडक झालीच. लवकर उचलली तर आत ओली राहते, हातातच विस्कटते. उशीर झाला आणि समुद्रावरच्या ओल्या वाऱ्यानं तिला गाठलं, तर ती चिवट होते आणि आंबूस वास मारते. आणि सगळे कागद उचलायला चांगला वेळ लागतो. वारा अंगाला लागल्यावर उचलायला घेतलं, तर निम्म्या गेल्याच म्हणायच्या. तो यायच्या आधी कळलं पाहिजे.

ते कळवायची व्यवस्था मालनकडे होती. या व्यवस्थेचं नाव सगुणाबाय.

लग्न होऊन मालन पहिल्यांदा आली ती ठाण्यात, कोपरीला, सगुणाबायच्या चाळीत भाडेकरू म्हणून. सगुणाबाय तिथली मूळची. एके काळी घरची शेती, सासरा मिठागरात. आता त्याच जमिनीवर इमारती, आणि सगुणाबाय व तिचा नवरा राघोशेठ त्यातल्याच एकीच्या तळमजल्यावर, पुढं ओटा काढून. मालनला आगरी बोली कळायला लागली ती तिच्या ओट्यावर, आणि वारा कळायला लागला तोही तिथंच.

"जमीन म्हंजे तवा," सगुणाबायनं तिला सांगितलेलं. "चटकन तापतो, चटकन निवतो. दर्या म्हंजे जार बुडाचा टोप. त्याला तापाला येल लागतो. दुपारपर्यंत तवा लालबुंद, टोप अजून कोमटच. मंग टोपावरचा गारवा तव्याकडं धावतो. तोच वारा."

पुढं धोंडीबानं ठाकुर्लीला फ्लॅट घेतला, मालन कुरडया करायला लागली आणि तिच्या लक्षात आलं की हा टोपावरचा वारा कोपरीला आधी पोचतो. तिथून पारसिकचा डोंगर चढून, दिवा ओलांडून ठाकुर्लीला यायला त्याला वेळ लागतो. एक कुकर लावून, जेवून, भांडी घासून व्हावीत एवढा. मग ठरलं. दरवर्षी वाळवणाच्या दिवसांत, कोपरीच्या ओट्यावर सगुणाबायचा पदर हलला की ठाकुर्लीच्या गच्चीवर फोन वाजायचा.

"मालन, आयला गो. उचल तुझं."

इतकंच. हॅलो नाही, ठेवते नाही. त्यावर मालनची एकही कुरडई कधी चिवट झाली नव्हती.

आणि यंदा, नेमकं यंदा, दोघींचं फाटलं.

झालं असं. सगुणाबायच्या घरी सत्यनारायण होता. मालननं गेल्या वर्षीच्या कुरडया भेट म्हणून पाठवलेल्या. सगुणाबायनं हौसेनं त्या सकाळीच तळून मोठ्या परातीत रचून ठेवल्या आणि दुपारी पंगतीत वाढल्या. तोवर समुद्राचा वारा परातीत जाऊन बसलेला. कुरडया मऊ पडल्या. पंगतीतला एक पाहुणा कुरडईचं एक टोक दातात आणि एक हातात धरून ओढत म्हणाला, "ही कुरडई हाय का सुतली?"

लोक हसले. सगुणाबायला ते सहन होईना. "माझी नाय ती," ती म्हणाली. "ठाकुर्लीचा माल हाय."

मालन तिथंच वाढायला उभी होती. हातात वरणाची बादली.

"माल चांगलाच आहे, सगुणाबाय. हवा वाईट तुमची. सकाळी तळलेलं दुपारी वाढलं तर कोपरीत विळीसुद्धा मऊ पडेल."

मूळच्या माणसाला त्याच्या गावाची हवा वाईट म्हणणं म्हणजे काय, हे कळायला मूळचंच असावं लागतं. सगुणाबायनं कुरडयांची परात खाली ठेवली. मग हळू म्हणाली, "याच हवेत भाऱ्यानं ऱ्हायलीस ना गो इतकी वर्सं? तवा नाय लागली वाईट."

"भाडं दिलं वेळेवर. हवेचं वेगळं लावलं असतंत तर तेही दिलं असतं."

"बरं. मंग आजपासून माझ्या तोंडातून वाऱ्याचं नाव निघाचं नाय. ज्यांची हवा वाईट त्यांचा वारा तुला कशाला?"

मालननं बादली ठेवली आणि प्रसादाचा द्रोण घेऊन निघून आली. घरी आल्यावर आठवलं की मेघनासाठीचा गहू भिजत पडलाय. भिजलेला गहू भांडणासाठी थांबत नाही. पाणी बदलत गेलं, गहू वाटला, चीक काढला, रात्रभर बसू दिला, आणि आज तो शिजवावाच लागला. उद्यावर टाकला असता तर आंबला असता.

पातेलं रिकामं होत आलं तसं धोंडीबानं सुचवून पाहिलं. "मी करू का कोपरीच्या वहिनींना फोन? आपलं सहज."

"खबरदार. त्यांच्याकडं वारा मागायचा नाही."

"मागत नाही. विचारतो."

"विचारायचंही नाही. वारा काही त्यांच्या सातबाऱ्यावर नाही. खाडी सगळ्यांची आहे. तुम्ही जा."

"कुठं?"

"कोपरीला. खाडीच्या बाजूला जाऊन उभे राहा. वारा फिरला की मला फोन करा."

धोंडीबानं बायकोकडे बघितलं. आयुष्यात त्याला बऱ्याच कामांना पाठवलं गेलं होतं. गॅसच्या रांगेत, रेशनला, एकदा तर कुणाच्या तरी घरी लग्नाचं जमतंय का त्याचा नुसता वास घ्यायला. पण वारा यायची वाट बघायला कुणी पाठवलं नव्हतं.

"आणि कळणार कसं मला?"

मालननं त्याच्या छत्रीच्या टोकाला त्याचाच रुमाल बांधला. "हा धरायचा. आत्ता तो स्टेशनकडं उडेल. उलटा खाडीकडं उडायला लागला की फोन."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणू दे. तुम्ही रिटायर आहात."

तो गेला. मालनची सून रसिका घरूनच काम करायची, ती कॉफीचा मग घेऊन वर आली. तिला हे सगळं ऐकून हसू आवरेना, पण सासूचं तोंड बघून तिनं ते कॉफीत सोडलं.

"आई, ॲप आहे ना. बाबांना कशाला उन्हात?"

"काय म्हणतंय तुझं ॲप?"

"म्हणतंय, समुद्र यंदा नेहमीपेक्षा जास्त तापलाय. दुपारी वेस्टर्ली, पश्चिमेचा वारा येणार, दमट."

"कुठं येणार?"

"ठाणे जिल्ह्यात."

"जिल्हा तिकडं मुरबाडपर्यंत पसरलाय गं. माझी गच्ची एवढीशी आहे."

रसिकाला हे पटलं. तिनं ॲप बंद केलं आणि कावळे हाकलायला बसली.

ऊन चढलं. पत्रे टणटणायला लागले. माहेरचा वारा आपलं काम चोख करत होता; कुरडयांच्या कडा पारदर्शक व्हायला लागल्या होत्या. मालन मधेच एक कुरडई बोटानं चाचपायची, मान हलवायची. अजून वेळ होता.

फोन वाजला. धोंडीबा.

"हलला."

मालन उठलीच. "नक्की?"

"हो. जोरात हलला. उलटाच झाला." मग जरा थांबून, "नाही. टेम्पो गेला."

"काय?"

"शेजारून टेम्पो गेला. त्याचा वारा होता तो. आता परत पहिल्यासारखा आहे."

"रस्त्यावर कशाला उभे आहात? खाडीकडं जा."

"खाडीकडं सावली नाही."

"छत्री आहे ना हातात?"

"छत्रीला रुमाल बांधलाय. उघडू कशी?"

मालननं फोन ठेवला.

त्यानंतर बराच वेळ काहीच नाही. खालच्या घरांतून कुकरच्या शिट्ट्या झाल्या, फोडण्यांचे वास आले आणि गेले. मालननं फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला. परत तेच. ऊन अजून तसंच कडक होतं, वारा अजून माहेरचाच होता. पण कोपरीत तो फिरला असेल का? फिरून किती वेळ झाला असेल? आत्ता उचलावं तर निम्म्या कुरडया पोटात ओल्या. थांबावं तर कांतावहिनीचा अंगठा. मालन एका कागदाशी वाकायची, एक कड सोडवून बघायची, परत ठेवायची. तिला आठवलं, वहिनीची धाकटी बहीण परस्पर नारायणगावला उतरते.

"आई, मी करू का कोपरीला फोन? माझं काही भांडण नाही त्यांच्याशी," रसिका म्हणाली.

"माझं भांडण ते घरातल्या सगळ्यांचं भांडण."

"असं कुठं असतं?"

"आमच्यात असतं."

आणि तेवढ्यात तिच्या हातातला फोन वाजला. स्क्रीनवर नाव होतं, सगुणाबाय कोपरी. मालननं तो जरा वाजू दिला. घाईनं उचलला असं वाटायला नको. मग उचलून कानाला लावला.

"कोन, मालन?"

"हो."

"वाऱ्याचं सांगाला नाय केलाय फोन."

"मी विचारलंही नाही."

"तुझा मानूस आमच्या ओट्यावर निजलाय."

"निजलाय म्हणजे?"

"म्हंजे निजलाय. घोरतंय."

मालननं पुढचा प्रश्न विचारण्याआधी जरा विचार केला. "कधीपासून?"

"आत्ताच. रस्त्यावर छत्री धरून उभा व्हता, लोका बघाला लागली. मी म्हनलं भांडन तुझ्याशी, त्याच्याशी नाय. जेवाला घातलं. राघो त्याच्याशी बोलत बसला, न बोलता बोलता डोलं मिटलं त्यानं." सगुणाबाय थांबली. "मगापासून घामानं निथलत व्हता. उकारा व्हता तवर नाय निजला बिचारा."

मालननं त्यातला 'व्हता' बरोबर टिपला: आता उकाडा नव्हता. तिनं रसिकाला हातानंच खूण केली. कागद. पहिला कागद.

"तोंडावर काही घेतलंय का त्यांनी?"

"पेपर घ्यातलेला."

"आहे अजून?"

"नाय. पेपर गेला. समोरच्या कुंपनाला जाऊन चिकटला."

"समोरच्या म्हणजे खाडीकडच्या?"

"त्याच."

स्टेशनकडून खाडीकडे. आणि पेपर उडण्याइतका. मालन एव्हाना गुडघ्यावर बसून एका हातानं कुरडया सोडवायला लागली होती.

"उठवू का त्याला?" सगुणाबायनं विचारलं.

"नको. झोपू दे. त्यांचं काम झालंय."

फोन बंद झाला. हॅलो नाही, ठेवते नाही.

मग गच्चीवर जे झालं ते बघण्यासारखं होतं. मालन कागदाची एक बाजू उचलायची, खालून तळवा घालायची आणि कुरडई सुटून साडीवर उलटी पडायची. रसिकाची तेवढ्यात मीटिंग लागली. ती कानात यंत्र घालून, कॅमेरा बंद करून, साडीचं एक टोक धरून पत्र्याच्या खोलीकडे धावत होती आणि मधेच "येस, आय ॲग्री" म्हणत होती. एकदा तिनं मालनलाच म्हटलं, "कॅन यू रिपीट दॅट?" मालननं रिपीट केलं. "हळू धर, म्हटलं. मोडतील."

शेवटचा एक कागद राहिला आणि मालनच्या मानेवरचे केस हलले. मागून. तिनं वर बघितलं. दांडीवरचा टॉवेल, सकाळपासून पश्चिमेला वाकून उभा होता, तो लोंबला, जरा विचारात पडला आणि सावकाश पूर्वेला झुकला. हवेला एकदम वजन आलं. आला होता. पारसिक चढून, दिवा ओलांडून, अंगाला चिकटत.

तो शेवटचा कागद त्यानं गाठला. त्या कुरडया मालननं वेगळ्या ठेवल्या, घरी खायला. बाकीच्या सगळ्या पत्र्याच्या खोलीत होत्या आणि दार बंद होतं. दाराच्या फटीलाही तिनं फडकं लावलं.

संध्याकाळी धोंडीबा आला. हातात छत्री, रुमालाशिवाय. दुसऱ्या हातात स्टीलचा डबा.

"वहिनींनी सुकटीची चटणी दिलीय."

"झोपलात."

"झोपलो नाही. जरा डोळे मिटलेले."

"पेपर उडून गेला तोंडावरचा. कळलं नाही?"

"कळलं असतं, पण राघोशेठ बोलत होते ना. तू ऐकलं असतंस तर कळलं असतं." धोंडीबा खुर्चीत बसला. त्याला खरंच सांगायचं होतं. "ते म्हणाले, समुद्राचं पाणीसुद्धा एका जागी बसून राहत नाही. त्याला आतून वाटा आहेत. पावसाळ्याच्या तोंडी तिकडं आफ्रिकेच्या किनाऱ्याला वारा जोर धरतो. तो तिथलं वरचं पाणी ढकलून देतो, मग खालचं गारढोण पाणी वर येतं. आणि तोच वारा पुढं अख्ख्या समुद्रावरनं पाणी पीत पीत आपल्याकडं येतो. म्हणजे आपल्याकडचा पाऊस म्हणजे निम्मा तिकडचा."

"बरं. मग?"

"मग काय. आफ्रिकेपर्यंत मी जागा होतो."

मालननं चटणीचा डबा उघडून वास घेतला आणि बंद करून फ्रीजमध्ये ठेवला. तिनं त्याला आणखी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी कुरडयांना पुन्हा माहेरचं ऊन दाखवलं, आणि संध्याकाळी एक उचलून तिनं स्वतःच्या अंगठ्याखाली दाबली. कट्‌ झालं. तरी तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. आपला अंगठा आपल्या बाजूचा असतो.

वैशाखात मालन, धोंडीबा आणि कुरडयांचे पत्र्याचे डबे कल्याणहून एसटीनं निघाले. मुरबाड सोडून गाडी घाट चढायला लागली तसा मालननं डबा मांडीवर घेतला, पोर घेतात तसा. कंडक्टरनं विचारलं, "मावशी, देव आहे का आत?" ती म्हणाली, "पोचल्यावर कळेल."

रुखवत मांडलं. कुरडया पांढऱ्याशुभ्र, एकावर एक रचलेल्या. बायका जमल्या. कांतावहिनी आली, डोळ्यांना चष्मा लावला, काढला, एक कुरडई उचलली. अंगठा आणि दोन बोटं. मालन मेघनाच्या साडीची निरी नीट करायला लागली. निरी नीटच होती.

कट्‌.

आवाज इतका स्वच्छ झाला की पलीकडे आहेराची भांडी मोजणाऱ्या बाईनं वळून बघितलं. कांतावहिनीनं मोडलेला तुकडा हातावर घेतला, उलटा करून बघितला, जिभेला लावला.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली आणि पुढच्या करंज्यांकडे वळली.

ठाकुर्लीला परत आल्यावर मालननं पहिलं काम केलं ते म्हणजे कोपरीला फोन लावला. भांडण झाल्यापासून तिनं आपणहून लावलेला हा पहिलाच. सगुणाबायनं तो जरा वाजू दिला.

"मोडली," मालन म्हणाली.

"कं मोडलं?"

"कुरडई. वहिनीच्या हातात. कट्‌ करून."

"मंग? कं बोलली ती?"

"म्हणाली, मीठ कमी आहे."

मग सगुणाबायचा आवाज चढला तो थेट लग्नघरापर्यंत जावा असा.

"मीठ कमी? माझ्या सासऱ्यानं मिठागरात जल्म घालवला. तिला म्हनावं ये एकदा कोपरीला, तुला मीठ दाखवतंय. वंजलभर तोंडात घालून पाठवीन. दुसऱ्याच्या हातचं चांगलं बघवत नाय मानसाला. तू काय बोलली नायस?"

"लग्नघर होतं."

"तू ना, बोलाचं तिथं बोलत नायस. आमच्या पंगतीत बरं त्वांड सुटलं."

मालन हसली. सगुणाबाय हसली नाही, पण तिचा श्वास जरा मोकळा झाल्यासारखा ऐकू आला.

"हात बरा हाय तुझा," ती म्हणाली. "मीच मेली सकालच्याला तळून ठेवलं. पन हवा वाईट नाय आमची."

"वाईट नाही. दमट आहे."

सगुणाबायनं याच्यावर विचार केला. "दमट हाय," ती म्हणाली. "ते हाय. आता तं जास्तच. राघो म्हनतंय दर्या लय तापलाय यंदा, निजाला पन देत नाय. तुझा नवरा मात्र निजतं."

"ते कुठंही निजतात."

"ते बघितलंय मी."

मग दोघी बराच वेळ नवरीच्या साडीबद्दल, जावयाच्या उंचीबद्दल आणि कांतावहिनीच्या चष्म्याबद्दल बोलल्या. दूध आलं म्हणून मालननं फोन ठेवला.

दूध तापवून ती गच्चीवर गेली. लग्नाच्या गडबडीत प्लास्टिकचे कागद तसेच गुंडाळून टाकीमागे पडले होते, त्यांवर चिकाचे ओघळ वाळून काचेसारखे झालेले. ते आता काढून ठेवले नसते तर पावसाळ्यात उंदीर लागले असते. तिनं धोंडीबाला हाक मारून बादलीभर पाणी वर मागवलं, एक कागद उलगडला, त्याच्या चार कोपऱ्यांवर चार विटा ठेवल्या आणि कालथ्यानं खरवडायला बसली.